हलकी प्लास्टिकची कयाक: अंगाला बसते का आणि टिकते का, हे कसं बघायचं

ऑनलाइन कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) बघायला बसलं की पहिला डोळ्यात भरतो तो वजनाचा आकडा. दोन्ही दहा फुटीच, एक २५ किलोची आणि शेजारची १७ ची, मग आपण लगेच सतरावालीकडे झुकतो कारण गाडीच्या टपावर चढवायची आपल्यालाच असते आणि पार्किंगपासून पाण्यापर्यंत उचलायला दरवेळी कोणी सोबत असतंच असं नाही. त्यात चूक काहीच नाही, हलकी असली की ती जास्त वेळा बाहेर निघते. फक्त एवढं विचारायचं की हे आठ किलो गेले कुठे? प्लास्टिक तेच आणि लांबी-रुंदी तीच असेल तर भिंत पातळ केलीय, दुसरं काही नाही. पातळ भिंत म्हणजे वाईट असं अजिबात नाही पण तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक म्हणजे तिच्या मापाबाहेरचं वजन आणि दुसरं म्हणजे जमिनीवर होणारे हाल. वजन मापात असेल तर पाण्यात असताना कयाकला फारसं काही होत नाही हो, जे काय व्हायचं ते टपावर, जेट्टीच्या पायऱ्यांवर आणि गच्चीतल्या उन्हात होतं. म्हणून आधी अंगाला बसण्याबद्दल लिहितो, मग टिकण्याबद्दल, पण त्याआधी प्लास्टिक कुठलं ते ओळखायला लागेल.

प्लास्टिक कुठलं?

आपल्याकडे कोकणात, गोव्यात, पवना-मुळशीच्या बाजूला रिसॉर्टवर ज्या जाड, रंगीत, वर बसायच्या कयाक दिसतात त्या बहुतेक रोटोमोल्डेड असतात. साच्यात पॉलिइथिलीन नावाच्या प्लास्टिकची पावडर टाकतात, साचा बंद करून भट्टीत दोन्ही बाजूंनी गोल गोल फिरवतात, पावडर वितळते आणि आतून साच्याला थर धरते, गार झालं की एकसंध पोकळ कयाक बाहेर. गच्चीवरची प्लास्टिकची पाण्याची टाकी याच पद्धतीने बनते. कुठेही सांधा नाही, आपटली तर दबते आणि परत येते, ओरखडे खाते पण सहसा फुटत नाही. वजनाला मात्र भारी.

हलक्या कयाक बऱ्याचदा थर्मोफॉर्मिंगच्या असतात. म्हणजे प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून घ्यायचा, तळ वेगळा, वरचा भाग वेगळा आणि दोन्ही कडेने जोडायचे. यात परत दोन जाती. एक पॉलिइथिलीनच्याच थरांचा पत्रा, कॅनडाच्या पेलिकन कंपनीचं रॅम-एक्स म्हणतात ते यातलं, अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना मोठ्या दुकानांत स्वस्तात ज्या दिसतात त्यात हे खूप. दुसरी जात एबीएस नावाच्या प्लास्टिकची, वर ॲक्रिलिकचा चकचकीत थर, दिसायला एकदम फायबरसारखी, कडक, हलकी, पाण्यात सुळकन जाते. पण टोकदार दगडावर जोरात आदळली तर पॉलिइथिलीनसारखी दबून परत येत नाही, तडकते, आणि थंडीत तर जास्तच, त्यामुळे बर्फाळ प्रदेशात राहत असाल तर हिवाळ्यात एबीएसची कयाक हाताळताना आपटू नका. थर्मोफॉर्म कुठलीही असो, कडेचा तो जोड हाच तिचा नाजूक भाग. विकत घेताना बोट फिरवत पूर्ण कड तपासायची, कुठे उकललीय का, कुठे चिकटवल्याचा डिंक बाहेर आलाय का.

तीन थरांचं रोटोमोल्डिंगही असतं, मधे फोमसारखा थर, छान ताठ असते पण हलकी म्हणता येणार नाही. हवेच्या फुगवायच्या कयाकचा विषयच वेगळा, त्यावर इथे नको.

जुनी कयाक घेताय आणि विकणाऱ्यालाच माहीत नाही की प्लास्टिक कुठलं, हे तर नेहमीचंच. तळाशी किंवा आत कुठे त्रिकोणात आकडा कोरलेला असेल तर बघा, २ किंवा ४ म्हणजे पॉलिइथिलीन. नसेल तर पाणी काढायच्या प्लगच्या किंवा हॅचच्या, म्हणजे सामान ठेवायच्या झाकणवाल्या तोंडाच्या, आतल्या कडेला जिथे कापल्याची खरखरीत कड राहिलेली असते तिथून ब्लेडने नखाच्या कोरीएवढी साल काढा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका, साल बोटाने पाण्याखाली नेऊन सोडा. वर आली तर पॉलिइथिलीन, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. तळाला जाऊन बसली तर बहुतेक एबीएस. लिक्विडचा थेंब यासाठी की नाहीतर छोटी साल पाण्याच्या पृष्ठभागावर उगीच अडकून राहते आणि आपण फसतो. हे जाणून घ्यायचं कारण पुढे रिपेअरमध्ये कळेल, दोन्हीची दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे. (नव्या कयाकवर दुकानदारासमोर ब्लेड काढू नका म्हणजे झालं.)

अंगाला बसते का

सगळ्यात आधी वजन, कयाकचं नाही, तुमचं. कयाकवर कमाल भार छापलेला असतो, समजा १३० किलो. लोकांना वाटतं मी ११०, म्हणजे अजून वीस किलो शिल्लक. तसं नसतं, तो आकडा म्हणजे एवढ्या वजनापर्यंत ती कशीबशी तरंगेल, नीट चालेल असं नाही. साधा हिशोब असा की छापलेल्या आकड्याच्या ६५-७० टक्क्यांत तुम्ही आणि तुमचं सगळं सामान बसलं पाहिजे. तुम्ही ८० किलोचे, लाइफ जॅकेट, दोन बाटल्या पाणी, ड्राय बॅग, डबा मिळून आठ किलो, म्हणजे ८८. मग १३० ची कयाक तुम्हाला बरोब्बर आहे, ११० ची नाही. आणि वजन सांगताना खरं सांगा बाबांनो, लग्नाच्या वेळचं नको.

हलक्या कयाकमध्ये हा हिशोब चुकला की काय होतं बघा. ती खोल बसते, सिट-ऑन-टॉप म्हणजे वर बसायची असेल तर स्कपरच्या, म्हणजे पाणी खाली निघून जायला ठेवलेल्या आरपार नळ्यांच्या, भोकांतून पाणी उलटं वर येतं आणि तुम्ही पूर्ण वेळ पाण्यात बसून राहता, काठाला येताना मागचं टोक सगळ्यांच्या आधी तळाला घासतं, आणि सीटखालचा पातळ तळ प्रत्येक लाटेगणिक वर-खाली लवत राहतो. हे लवणं सुरुवातीला काही वाटत नाही पण प्लास्टिक एकाच जागी वाकत राहिलं की तिथेच पांढरी रेघ येते आणि पुढे तिथूनच चीर. सीटचे स्क्रू आणि पट्ट्यांचे हुकही असेच ढिले होतात. म्हणजे कयाक टिकली नाही अशी जी तक्रार असते त्यातली बरीचशी मुळात मापाची चूक असते.

दुसरं, बसून बघा, आणि म्हणजे फोटो काढण्यापुरतं नाही. खाली गवत असेल किंवा दुकानात असाल तर जुनी गादी, फोम, काहीतरी अंथरायला सांगा कारण फरशीवर पातळ कयाकमध्ये बसलं तर सगळा भार एकाच रेघेवर येतो. मग लाइफ जॅकेट घालून, पॅडल हातात घेऊन वीस मिनिटं बसा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच कयाक मस्त वाटतात, पंधरा मिनिटांनंतर पायाला मुंग्या आल्या तर समजायचं की सीटची पुढची कड मांडीखाली दाबतेय किंवा पाय टेकायची जागा फार जवळ आहे. एक खाच पुढे सरकवून परत बघा. तरीही मुंग्या आल्या तर ती सीट तुमची नाही.

पाय कसे असावेत? चवड्याने टेकता आलं पाहिजे, टाचा आतल्या बाजूला, गुडघे किंचित वाकलेले. पाय सरळ ताणलेले असतील तर पाठ लगेच बोलायला लागते आणि गुडघे फारच वर आले तर पॅडल मारताना हात आपटतात. सिट-ऑन-टॉपमध्ये पायासाठी साच्यातच पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचा असतात, त्या सरकत नाहीत, त्यामुळे तुमची उंची दोन खाचांच्या मधली निघाली तर कायमची पंचाईत. घरात बायको पाच फूट एक आणि भाचा सहा फुटी आणि दोघांना तीच वापरायची असेल तर पायाचे सरकणारे पेडल असलेलीच घ्या, त्याला पर्याय नाही. आणि हो, बूट घालून बघा. अनवाणी मस्त बसणारा पाय पाण्यातले बूट घातले की सिट-इन म्हणजे आत बसायच्या कयाकच्या नाकात अडकतो, आणि कोकणात अनवाणी उतरायचं नसतंच, का ते पुढे येईल.

सिट-इन कयाकमध्ये मांड्या आणि गुडघे वरच्या कडेला बाजूने हलके टेकले पाहिजेत, चेपले जाता कामा नयेत. मांडी घालून बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांना पहिल्यांदा हे अडकल्यासारखं वाटतं. म्हणून घ्यायच्या आधी छातीएवढ्या शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून, कयाक उलटी करून बाहेर यायचा सराव करा, निदान एकदा तरी. कॉकपिट, म्हणजे आत बसायचं तोंड, मोठं असेल तर माणूस आपोआप सुटतो, पण ते स्वतःच्या अंगाला कळायला हवं. ज्यांना पोहता येत नाही किंवा पाण्याची भीती आहे त्यांनी सरळ सिट-ऑन-टॉप घ्या, उलटली तर खाली पडता, परत चढता, आत अडकण्याचा प्रश्नच नाही. आपल्या उन्हाळ्यात तीच जास्त सुखाची पण आहे.

कमरेला दोन्ही बाजूंना तळहात सपाट जाईल एवढी फट हवी. त्याहून जास्त असेल तर कयाक डुलली की तुम्ही आत घसरता आणि कयाक भलतीकडेच जाते. फट भरायला बाजारातला स्पंज नको, तो पाणी पितो, बंद पेशींचा ईव्हीए फोम घ्या, जुन्या योगा मॅटचा तुकडा चालतो बऱ्याचदा. तो पट्ट्याने बांधा, पॉलिइथिलीनला चिकटवायच्या भानगडीत पडू नका.

आता जी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात ती, लाइफ जॅकेट आणि सीटची पाठ यांचं भांडण. आपल्याकडे मिळणारी नारिंगी जॅकेटं पाठीलाही जाड फोमची असतात, आणि हल्लीच्या आरामशीर सीटना उंच पाठ असते. दोन्ही एकत्र आलं की सीट जॅकेटला वर ढकलते, जॅकेट हनुवटीला येतं, तुम्ही पुढे वाकून बसता आणि तासाभरात कंबर गेलेली असते. मग लोक काय करतात, जॅकेट काढून मागे ठेवतात. तसं अजिबात करायचं नाही. एकतर सीटची पाठ खालच्या कमरेपुरतीच असू द्या, नाहीतर पाठीला खालच्या अर्ध्या भागात फक्त जाळी असलेलं जॅकेट घ्या. कयाकपेक्षा आधी जॅकेट घेतलं तर अजून उत्तम, मग तेच घालून सगळ्या कयाक बसून बघता येतात.

रुंदीचं थोडक्यात. मजेसाठी वापरायच्या कयाक २८ ते ३२ इंच रुंद असतात, रुंद तेवढी स्थिर, पण हात आखूड असतील तर पॅडल मारताना बोटांची पेरं कडेला घासतात. २८-३० इंचाला २३० सेंटीमीटरचं पॅडल, त्याहून रुंद किंवा सीट उंच असेल तर २४०. पॅडल हलकं घ्या, इथे पैसे वाचवू नका, कयाकचे दोन किलो तुम्ही फक्त काठावर उचलता, पॅडलचे ग्रॅम प्रत्येक फटक्याला उचलता.

शक्य असेल तर शेवटी शांत पाण्यात बसून मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. नाक वर आणि शेपूट पाण्यात दिसली तर सीट पुढे घ्या किंवा सामान पुढच्या बाजूला सरकवा. कयाक सपाट तरंगली पाहिजे.

जुनी घेताना

पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचा सीझन संपतो तेव्हा वॉटर स्पोर्ट्सवाले जुन्या कयाक काढतात, त्यात चांगला माल मिळू शकतो पण हात लावून बघायचा. वरचा रंग, स्टिकर याकडे दुर्लक्ष करा आणि पहिल्यांदा कयाक उलटी करा. मागच्या टोकाला, जिथे ओढताना जमीन लागते, तिथे अंगठ्याने दाबा. लवत असेल, किंवा सूर्याकडे धरून आतून बघितल्यावर तिथे बाकीपेक्षा जास्त उजेड दिसत असेल तर तळ झिजून पातळ झालाय. मग सिट-ऑन-टॉप असेल तर प्रत्येक स्कपरच्या भोकात बोट घालून आतून गोल फिरवा. तळ आणि वरचा भाग या नळ्यांपाशी जोडलेला असतो त्यामुळे ताण तिथेच जमतो आणि चिरा तिथेच पडतात, बाहेरून नुसत्या केसासारख्या दिसतात, बोटाला मात्र खरचटतं.

मग पाण्याची परीक्षा. सीट, हॅचचं झाकण, हँडलचे रिव्हेट, स्कपर या सगळ्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं, हॅच घट्ट बंद, आणि ड्रेन प्लगच्या भोकातून हवा फुंकायची. तोंडाने किंवा हातपंपाने, टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणू नका. जिथे बुडबुडे फुगतात तिथे गळती. हँडलच्या रिव्हेटपाशी फुगले तर घाबरायचं कारण नाही, रबर वॉशर बदलून रिव्हेट नवीन मारला की झालं. स्कपरमध्ये किंवा थर्मोफॉर्मच्या जोडावर लांब रांगेत फुगले तर भाव पाडून मागण्यापेक्षा नमस्कार करून निघा.

तळाला खोलगट पोचा दिसला तर त्याने बिचकू नका. तो उष्णतेचा किंवा पट्टा जास्त आवळल्याचा असतो आणि पॉलिइथिलीन असेल तर बऱ्याचदा घरी निघतो. कयाक भर उन्हात ठेवा किंवा गरम पाणी ओता, प्लास्टिक मऊ झालं की आतून लाकडाच्या फळीने हळू दाबून बाहेर काढा, फळी तशीच टेकवून ठेवा आणि वरून गार पाणी. काही वेळा दोनदा करावं लागतं.

ओढू नका

कोकणात खाडीच्या काठाला जे खडक असतात त्यांच्यावर कालवं, म्हणजे शिंपले, चिकटून बसलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. ओहोटीला चिखल मऊ दिसतो म्हणून लोक कयाक ओढत नेतात आणि चिखलात दडलेली कालवं तळावर लांब लांब रेघा मारतात. अनवाणी उतरायचं नाही म्हटलं ते यासाठीच. जांभ्याच्या पायऱ्या असलेल्या जेट्टीवर तर खरखरीत कानसच समजा. तारकर्लीला मी कयाक वाळूवरून ओढत होतो तर एक होडीवाले काका लांबूनच ओरडले, "ओढतस कित्याक रे, उचल मगे!" त्यांच्या लाकडी होडीलाही ते खाली ओंडके घालूनच सरकवतात. धरणाच्या पाण्यात वेगळा प्रकार, एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट आणि काळे कातळ पाण्याच्या जेमतेम खाली असतात, त्यामुळे काठाला येताना जोरात धावत येऊन आपटवायची हौस ठेवू नका. धरणात उतरायच्या आधी परवानगीची चौकशी करा हे वेगळं सांगायला नको, आणि सावित्री, वाशिष्ठी, सांगलीजवळची कृष्णा अशा नद्यांत मगरी आहेत, तिथे स्थानिकांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

एकट्याला उचलणं होत नसेल तर चाकांची ट्रॉली घ्या, पण ती पट्ट्याने बांधायची घ्या. स्कपरच्या भोकांत दांडे घालायची ट्रॉली स्वस्त आणि सोपी असते, पण खडबडीत वाटेवर सगळा हादरा त्या दोन भोकांवर येतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तीच सगळ्यात नाजूक जागा. सामान भरलेली कयाक तर अशा ट्रॉलीवर नकोच. मागच्या टोकाला तळावर चिकटवायची कील गार्डची पट्टी लावून घेतली तर थोडी झीज ती सोसते, मात्र पॉलिइथिलीनवर ती धरते का ते आधी विचारा.

ऊन आणि टप

पॉलिइथिलीन साधारण १३० अंशाला वितळतं पण त्याच्या कितीतरी आधी, साठ-सत्तरलाच, भार पडला की आकार सोडायला लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं टप तेवढं सहज तापतं. गडद रंगाची कयाक अजून जास्त. त्यात रॅचेटचा पट्टा कचकचून आवळलेला असला की संध्याकाळी तळाला पट्ट्याच्या जागी खोबण पडलेली. रॅचेट नकोच, साध्या बकलचा पट्टा घ्या, हाताने ओढून कयाक हलणार नाही इतपत, प्लास्टिक दबताना दिसायला लागलं की थांबा. कयाक उलटी किंवा कुशीवर ठेवा, टपावर कयाक टेकवायचे पाळणे असतील तर उत्तम, नसतील तर टपाच्या दांड्यांवर फोमचे नळे. पुढच्या-मागच्या टोकाला एक एक दोरी बंपरखाली बांधा, हायवेवर वाऱ्याने नाक उचललं की सगळा भार पट्ट्यांवर येतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती किलो चालतात ते पण एकदा बघून घ्या, छोट्या गाडीत दोन कयाक आणि रॅक मिळून तो आकडा पटकन गाठतो.

उन्हात प्लास्टिक फुगतं हेही लक्षात असू द्या. तीन मीटरची कयाक सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेली की लांबीला सेंटीमीटरभर वाढते, म्हणून चहाला थांबलात की पट्टे हाताने चाचपायचे. आणि आत कोंडलेली हवाही फुगते. तापलेली, प्लग घट्ट लावलेली सिट-ऑन-टॉप थेट गार पाण्यात सोडली की आतली हवा आकसते आणि प्लगच्या, रिव्हेटच्या बारीक फटींतून पाणी आत ओढून घेते. कुठेही भोक नाही तरी आत मगभर पाणी येतं कुठून हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. वाहून नेताना प्लग उघडा ठेवा, पाण्याजवळ सावलीत गार होऊ द्या, मग लावा. मात्र लावायचा विसरू नका!

ऊन नुसतं तापवत नाही, प्लास्टिक जाळतं पण. अल्ट्राव्हायोलेटने पॉलिइथिलीनच्या साखळ्या तुटत जातात, रंग फिका होतो आणि प्लास्टिक ठिसूळ. चांगल्या कंपन्या प्लास्टिकमध्येच यूव्ही स्टॅबिलायझर घालतात पण तोही संपतो. सावली हे सगळ्यात स्वस्त औषध. शिवाय ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंटसारखा स्प्रे कयाकवाले वापरतात, महिन्या-दीड महिन्याने पुसून लावायचा, तळाला आणि वर दोन्हीकडे, सीटवर मात्र नको, घसरगुंडी होते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं प्लास्टिकसाठी नाही, स्क्रू, रेल आणि पट्ट्यांच्या बकलांसाठी. ॲल्युमिनियमची पायाची रेल मिठाने अशी धरते की पुढच्या वेळी पेडल सरकतच नाही.

ठेवताना टोकाच्या हँडलांना दोरी बांधून टांगू नका, मधून झोळ पडतो. जमिनीवर तळ टेकवूनही महिनोन्महिने नको. कुशीवर उभी करा किंवा दोन रुंद पट्ट्यांच्या झोळ्यांत ठेवा, झोळ्या साधारण दोन्ही टोकांपासून पाव-पाव लांबीवर. पावसाळ्यात पडवीत किंवा पार्किंगमध्ये अशी टांगली की खाली स्कूटरही राहते. ताडपत्री घालायची असेल तर वर अंतर ठेवून, अंगाला चिकटलेली ताडपत्री आत भट्टी करते. हॅच उघडं ठेवायचं म्हणजे बुरशी येत नाही, फक्त भोकांना जाळी बांधा, उंदरांना फोमची सीट फार आवडते.

चीर पडलीच तर

पॉलिइथिलीनला फेविक्विक धरत नाही, एमसील धरत नाही, सिलिकॉनही धरत नाही. पहिल्या दिवशी धरल्यासारखं वाटतं आणि पाण्यात गेलं की खपलीसारखं निघतं. ट्रिपच्या मधेच चीर पडली तर जागा कोरडी करून छपरावर वॉटरप्रूफिंगला वापरतात ती बुटाइल टेप दोन्ही बाजूंना बोटभर पुढपर्यंत दाबून लावा, घरी पोचाल. कायमचं करायचं तर वेल्डिंग. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे पळत नाही, मग चिरेला व्ही आकाराची खाच करा, स्पिरिटने पुसा आणि त्याच जातीच्या पॉलिइथिलीनची काडी हीट गनने वितळवून भरा. प्लास्टिक टाक्या दुरुस्त करणारे हेच काम करतात, त्यांच्याकडे गेलात तर स्वस्तात होतं, फक्त भिंत पातळ आहे हे आधी सांगा, टाकीच्या हिशोबाने आच दिली तर आरपार भोक पडेल. काही कयाक क्रॉसलिंक पॉलिइथिलीनच्या असतात, त्या वितळतच नाहीत, वेल्डिंग विसरा. एबीएसचं उलटं, तिथे एपॉक्सी आणि ग्लास क्लॉथ मस्त धरतं, मागून दोन थर दिले की बात संपली.

माशांच्या गळासाठी होल्डर, मोबाईल स्टँड वगैरे बसवायचे असतील तर एक भोक म्हणजे एक गळतीची शक्यता हे धरून चाला आणि रबर वॉशरशिवाय एकही स्क्रू मारू नका. पातळ भिंतीत नुसता स्क्रू फार दिवस टिकत नाही, आतून नट आणि मोठा वॉशर पाहिजे.

आणि कयाकवरून हात फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागायला लागली, नखाने दाबल्यावर खूण न उमटता बारीक कपरी उडाली, तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. एका चिरेच्या शेजारी दुसरी पडत राहते आणि अशी कयाक पाण्याच्या मध्यावर दगा देते. सीट, पायाचे पेडल, हँडल, प्लग, पट्टे काढून ठेवा, पुढच्या कयाकला होतात, उरलेलं प्लास्टिक भंगारवाल्याला द्या.